अंतिम सामना नाही, तरी विजेता ठरला : १९६६ चं कॉलेज फुटबॉल आणि १०–१० ची बरोबरी

पर्ड्यू, मिशिगन स्टेट, ओहायो स्टेट ही नावं आता महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ओळखीची झाली आहेत, ती बहुतेक प्रवेशअर्ज आणि व्हिसाच्या निमित्ताने. तिथे शिकायला गेलेली मुलं शरद ऋतूतल्या शनिवारी विद्यापीठाच्या रंगाचा टी-शर्ट घालून स्टेडियमात जातात आणि घरी फोन करून सांगतात, की आमची टीम ‘प्लेऑफ’मध्ये जाणार का यावर इथे रण माजलंय. २० जानेवारी २०२५ ला अटलांटात ओहायो स्टेटने नोटर डेमला ३४–२३ असं हरवलं. बारा संघांच्या बाद फेरीतून ठरलेलं हे पहिलंच अजिंक्यपद.

आपल्याला यात नवल वाटत नाही. स्पर्धा म्हटली की बाद फेरी आणि अंतिम सामना आलाच. पण अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च गटात साधी चार संघांची बाद फेरीसुद्धा २०१४ च्या हंगामापासून सुरू झाली. त्याआधी विजेता कसा ठरायचा? याचं उत्तर समजायला १९६६ चा हंगाम घ्यावा. त्या वर्षी नोटर डेम ‘राष्ट्रीय विजेता’ ठरला. त्याने एक सामना बरोबरीत सोडला होता, आणि सगळे सामने जिंकलेला दुसरा एक संघ तिसरा आला.

(नोटर डेम म्हणजे इंडियाना राज्यातलं साउथ बेंडचं कॅथलिक विद्यापीठ. पॅरिसच्या कॅथीड्रलचंच नाव, पण अमेरिकन तोंडात त्याचं असं झालंय.)

आधी खेळ, थोडक्यात

हा फुटबॉल बराचसा हातांनी खेळतात. मैदान १०० यार्ड लांब, बाजूला अकरा-अकरा खेळाडू, पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग. कबड्डी माहीत असेल तर लय लगेच कळेल, कारण खेळ सलग चालत नाही. एक चढाई, मग थांबा, मग पुढची चढाई. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले तर नवे चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्याकडे. म्हणून चौथ्या प्रयत्नाला बहुतेक संघ चेंडू लाथेने दूर पिटाळतात, म्हणजे समोरच्याला निदान लांबून तरी सुरुवात करावी लागते. प्रत्येक चढाईचा सूत्रधार असतो क्वार्टरबॅक. चेंडू फेकायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा की स्वतः घेऊन घुसायचं, हे त्याच्या हातून घडतं.

चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेला की टचडाउन, सहा गुण, आणि त्यावर लाथेचा एक जादा गुण. तिथवर पोचता आलं नाही तर लांबूनच खांबांमधून लाथेने चेंडू मारायचा, तो फील्ड गोल, तीन गुण. सहा, एक आणि तीन मिळून दहा. १०–१० हा आकडा असा तयार होतो.

आणखी एक नियम आज अनेकांना ठाऊक नाही. नेहमीच्या हंगामातल्या सामन्यांना जादा वेळ १९९६ पासून मिळू लागला. तोवर साठ मिनिटांनी गुण समान असले तर सामना बरोबरीत. आपल्या रणजीच्या बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाची आघाडी बघून एकाला पुढे पाठवतात. इथे तशीही सोय नव्हती.

विजेता ठरवायचं कोण?

शंभराहून अधिक विद्यापीठं आणि प्रत्येकाचे वर्षाला दहा-अकरा सामने. सगळे सगळ्यांशी खेळणं अशक्य. कॉलेजच्या खेळांवर देखरेख करणारी एनसीएए ही संस्था बाकीच्या खेळांत अजिंक्यपद देते, पण फुटबॉलच्या सर्वोच्च गटात तिने ते कधीच दिलं नाही. ती जागा वृत्तसंस्थांनी घेतली. असोसिएटेड प्रेस, म्हणजे एपी, १९३६ पासून क्रीडापत्रकारांची मतं घेऊन दर आठवड्याला क्रमवारी छापू लागली. प्रतिस्पर्धी युनायटेड प्रेसने १९५० पासून प्रशिक्षकांची मतं घ्यायला सुरुवात केली. पुढे तिचं नाव यूपीआय झालं. १९६६ साली एपीची यादी दहा संघांची होती. मतदार पहिल्याला दहा गुण देणार, दुसऱ्याला नऊ, असं दहाव्याला एक. बेरीज जास्त तो अव्वल. हंगामातल्या शेवटच्या यादीत जो अव्वल, तो राष्ट्रीय विजेता.

याशिवाय क्रीडासंस्था आणि गणिती सूत्रवाले आपापले विजेते जाहीर करायचे ते वेगळेच. गणेशोत्सवातल्या देखाव्यांच्या स्पर्धा आठवा. एका पेपरचं पहिलं बक्षीस एका मंडळाला, दुसऱ्या पेपरचं दुसऱ्याला, कुठल्या बँकेचं तिसऱ्याला. पुढच्या वर्षी तिन्ही मंडपांवर ‘प्रथम क्रमांक’ असा फलक लागतो आणि खोटं कोणीच बोलत नसतं.

मतमोजणीची तारीख

ही भानगड नीट समजली तर पुढचं सगळं सोपं आहे.

नेहमीचे सामने डिसेंबरच्या सुरुवातीला संपतात. त्यानंतर नाताळ-नववर्षाच्या सुमारास ‘बाउल’ सामने होतात. पासाडेनाचा रोझ बाउल, न्यू ऑर्लिन्सचा शुगर बाउल, मायामीचा ऑरेंज बाउल वगैरे. त्या त्या शहराने पर्यटक यावेत म्हणून सुरू केलेले हे निमंत्रणाचे सामने. एपी आणि यूपीआय यांची शेवटची यादी मात्र या सामन्यांच्या आधीच निघायची. विसर्जनाची मिरवणूक निघण्याआधीच परीक्षकांनी गुणपत्रक बंद करावं, तसं.

१९६४ साली अलाबामा एपीचा विजेता ठरला आणि नंतर ऑरेंज बाउलमध्ये टेक्सासकडून २१–१७ ने हरला. पदक गळ्यात आणि मग पराभव! टीका झाली तेव्हा १९६५ साली एपीने शेवटचं मतदान बाउलनंतर घेतलं. त्या वर्षी पहिले तिन्ही संघ बाउलमध्ये हरले. त्यांत अव्वल असलेला मिशिगन स्टेट रोझ बाउलमध्ये १४–१२ ने हरला, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या नेब्रास्काला हरवून चौथा अलाबामा पुन्हा विजेता झाला. यूपीआयने मात्र आपली यादी आधीच बंद केली होती, त्यांचा विजेता मिशिगन स्टेटच राहिला.

आणि १९६६ साली एपी पुन्हा जुन्या पद्धतीवर गेली. मतदान बाउलच्या आधी.

लागोपाठच्या दोन वर्षांत दोन उलट नियमांचा फायदा अलाबामाला झाला होता. तिसऱ्या वर्षी फासा उलटा पडला.

दहा सामने, ३६२ गुण

आरा पारसेगियन १९६४ साली नोटर डेमचे प्रशिक्षक झाले. पहिल्याच हंगामात त्यांनी मरगळलेला संघ विजेतेपदाच्या दारात नेला आणि अखेरच्या सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियाने २०–१७ ने हरवून दार लावून घेतलं. त्यामुळे १९६६ साली हातात आलेलं पद शेवटच्या क्षणी कसं निसटतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळता येत नसे (ही बंदी १९७२ साली उठली). म्हणून क्वार्टरबॅक टेरी हॅनरॅटी आणि त्याचे फेकलेले चेंडू झेलणारा जिम सेमूर हे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी अगदी कोरे होते. पहिल्याच सामन्यात सेमूरने पर्ड्यूविरुद्ध १३ झेल घेऊन २७६ यार्ड कमावले. पण संघाचं खरं बळ होतं बचावात. कर्णधार जिम लिंच मधल्या फळीत, ॲलन पेज पुढच्या फळीत. हा पेज पुढे मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला. त्या संघातला तो एकटाच कृष्णवर्णीय खेळाडू, हेही लक्षात ठेवा. पुढे संदर्भ येणार आहे.

पर्ड्यू २६–१४, नॉर्थवेस्टर्न ३५–७, आर्मी ३५–०, नॉर्थ कॅरोलिना ३२–०, ओक्लाहोमा ३८–०, नेव्ही ३१–७, पिट्सबर्ग ४०–०, ड्यूक ६४–०. आठ सामन्यांत समोरच्यांनी मिळवले फक्त २८ गुण.

तिकडे मिशिगन स्टेटही अपराजित. १९ नोव्हेंबरला ईस्ट लान्सिंगला दोघांची गाठ ठरली होती, पहिला विरुद्ध दुसरा. अंतिम सामना नावाला नव्हता, पण लोकांनी यालाच अंतिम मानलं.

टीव्हीचा घोळ इथेही होताच. खेळाचं प्रक्षेपण तेव्हा एनसीएएच्या मुठीत होतं. एका संघाला देशभर किती वेळा दाखवायचं याचं रेशन असे आणि नोटर डेमचा कोटा पर्ड्यूच्या सामन्यातच संपला होता. प्रेक्षकांनी अर्ज-विनंत्यांचा भडिमार केला तेव्हा तोडगा निघाला. बहुतेक भागांत थेट, उरलेल्या भागांत मागाहून. ही मक्तेदारी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली मोडली. आज दर शनिवारी डझनावारी सामने दिसतात ते त्यामुळे.

त्या दिवशी काय झालं

नोटर डेमची विघ्नं मैदानाबाहेरच सुरू झाली. त्यांचा सर्वांत चांगला धावपटू निक एडी ईस्ट लान्सिंगला ट्रेनमधून उतरताना पायऱ्यांवरून घसरला आणि आधीच दुखावलेल्या खांद्यावर पडला. खेळ संपला त्याचा. पहिल्याच भागात हॅनरॅटी मिशिगन स्टेटच्या बचावाखाली चेपला गेला. त्याचाही खांदा गेला. त्या बचावात होता बुब्बा स्मिथ, ६ फूट ७ इंचांचा. हॅनरॅटीच्या जागी आला कोली ओब्रायन, अंगाने लहान आणि मधुमेही, इन्सुलिनवर असलेला.

८०,०११ प्रेक्षकांसमोर मिशिगन स्टेटने आधी टचडाउन केलं. मग अनवाणी पायाने लाथ मारणाऱ्या डिक केनीने ४७ यार्डांवरून फील्ड गोल घेतला. १०–०. ओब्रायनने बॉब ग्लॅडिओला ३४ यार्डांचा टचडाउनचा चेंडू फेकला, १०–७. चौथ्या भागाच्या पहिल्याच चढाईत जो अझारोने २८ यार्डांवरून गोल केला. १०–१०.

आणि मग या सामन्यातला सर्वांत कमी आठवला जाणारा प्रसंग. सुमारे पाच मिनिटं उरलेली असताना टॉम शोएनने मिशिगन स्टेटचा फेकलेला चेंडू मधेच पकडून थेट त्यांच्या १८ यार्डांच्या रेषेपर्यंत, म्हणजे त्यांच्या गोलरेषेपासून १८ यार्डांवर, आणला. फील्ड गोलचं अंतर मोजताना चेंडू जिथे आहे त्यात सुमारे १७ यार्ड मिळवायचे, कारण खांब गोलरेषेच्या दहा यार्ड मागे असतात आणि लाथ मारायला चेंडू सातेक यार्ड मागे ठेवतात. म्हणजे तिथूनच मारला असता तर ३५ यार्ड. पण पुढच्या तीन चढायांत नोटर डेम मागेच ढकलला गेला. अंतर झालं ४१. अझारोची लाथ खांबाच्या उजवीकडून थोडक्यात बाहेर गेली.

सगळा वाद पुढे शेवटच्या मिनिटावर झाला, पण सामना खरा सुटला तो इथे.

शेवटची सत्तर सेकंदं

मिशिगन स्टेटनेही चौथ्या प्रयत्नाला धोका न पत्करता चेंडू लाथेने दूर मारला. नोटर डेमला तो स्वतःच्या ३० यार्डांवर मिळाला. घड्याळात १ मिनिट १० सेकंद. पारसेगियननी चेंडू फेकून पुढे जाण्याऐवजी तो पोटाशी धरून जमिनीवरून खेळायला लावला. कबड्डीत आघाडीवरचा संघ निदानरेषा ओलांडून परत येत वेळ काढतो, तसंच. फरक एवढाच, की इथे आघाडी नव्हती. मिशिगन स्टेटचे खेळाडू समोरून डिवचत होते, प्रेक्षक हुर्यो करत होते. सामना संपला.

हा भ्याडपणाच नव्हे का?

निकाली कुस्ती बघायला लोक मैलोन्‌मैल जातात. ती बरोबरीत सोडवली की मैदान चिडतं. तो राग समजण्यासारखा आहे. तरी जरा हिशेब करू.

अझारोच्या आवाक्यातला, म्हणजे चाळीस-बेचाळीस यार्डांचा गोल मारायचा तर नोटर डेमला समोरच्यांच्या २५ यार्डांच्या रेषेपर्यंत जायला हवं होतं, म्हणजे ४५ यार्ड. थकलेला बदली क्वार्टरबॅक, समोर देशातला सर्वांत कडवा बचाव, हातात सत्तर सेकंदं. उलट बाजू पाहा. फेकलेला चेंडू पंधरा यार्डांवर पकडला गेला असता तर मिशिगन स्टेटला तो नोटर डेमच्या ४५ यार्डांवर मिळाला असता. केनीने ४७ यार्डांचा गोल त्याच दिवशी केला होता. तसा पुन्हा मारायला चेंडू ३० यार्डांच्या रेषेवर हवा, म्हणजे अवघे पंधरा यार्ड. एकाला ४५, दुसऱ्याला १५.

त्यातून नोटर डेम आधीच अव्वल होता आणि त्याचा एक सामना बाकी होता. मिशिगन स्टेटचा हंगाम त्याच संध्याकाळी संपला. बरोबरीनंतर मतदारांवर छाप पाडायची संधी फक्त एकालाच मिळणार होती, आणि नोटर डेमने ती घेतली. आठवड्याने लॉस एंजेलिसला सदर्न कॅलिफोर्नियाचा ५१–० असा धुव्वा. हाच पराभूत संघ पुढे रोझ बाउलमध्ये पर्ड्यूकडून फक्त एका गुणाने, १४–१३ असा हरला, यावरून त्या ५१ चं वजन कळेल. दहा सामन्यांत नोटर डेमचे गुण ३६२, समोरच्यांचे ३८, आणि सहा संघांना भोपळा.

माझ्या मते पारसेगियननी नियमांनुसार योग्य तेच केलं. नियमच असे होते की योग्य ते केलेलं दिसायला वाईट दिसावं. बरोबरीला किंमत होती आणि पराभवाला माफी नव्हती.

मग दोघांना बाउलमध्ये पुन्हा खेळवायचं!

हा आक्षेप तेव्हाही निघाला होता. पण दोन कुलपं होती.

नोटर डेम बाउल खेळतच नसे. १९२५ च्या रोझ बाउलनंतर विद्यापीठाने निमंत्रणं घेणं बंद केलं होतं. हे धोरण १९७० च्या कॉटन बाउलपर्यंत टिकलं. आणि मिशिगन स्टेट ज्या ‘बिग टेन’ गटातला (अशा गटांतली विद्यापीठं मुख्यतः आपसांत खेळतात), त्याचा नियम असा की गटातून एकच संघ बाउलला जाणार, तोही फक्त रोझ बाउलला, आणि एकच संघ लागोपाठ दोन वर्षं नाही. मिशिगन स्टेट आदल्या वर्षी जाऊन आला होता. म्हणून गटविजेता घरी बसला आणि त्याच्याकडून ४१–२० ने हरलेला पर्ड्यू पासाडेनाला गेला.

आणि अलाबामा?

खरी तक्रार यांचीच. प्रशिक्षक ‘बेअर’ ब्रायंट यांच्या संघाने नेहमीचे दहाच्या दहा सामने जिंकले आणि मग शुगर बाउलमध्ये नेब्रास्काला ३४–७ ने लोळवलं. अकरापैकी अकरा. हंगामाच्या सुरुवातीला एपीने यांनाच अव्वल ठेवलं होतं. शेवटी तिसरे.

अपराजित विजेत्याला बरोबरीवाल्यांच्या खाली कसं टाकलं? मतपत्रिकेवर कारण लिहायची जागा नसते, म्हणून प्रत्येक मतदाराच्या मनातलं सांगता येणार नाही. पण परिस्थिती सांगता येते. तिन्ही संघांच्या वेळापत्रकांत अलाबामाचा आणि बाकी दोघांचा एकही सामाईक प्रतिस्पर्धी नव्हता. तुलना अंदाजानेच करायची होती. शिवाय अलाबामाचा संघ पूर्ण गोरा होता, त्याच्या गटातले सगळे प्रतिस्पर्धीही गोरेच. जून १९६३ मध्ये राज्यपाल जॉर्ज वॉलेस दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला याच विद्यापीठाच्या दारात उभे राहिले होते. हे सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं होतं.

मिशिगन स्टेटचा संघ याच्या नेमका उलट घडला होता. दक्षिणेतली विद्यापीठं ज्या मुलांना दारात उभं करत नव्हती त्यांना प्रशिक्षक डफी डॉहर्टी उत्तरेत घेऊन आले. बुब्बा स्मिथ आणि जीन वॉशिंग्टन टेक्सासचे, जॉर्ज वेबस्टर साउथ कॅरोलिनाचा, क्वार्टरबॅक जिमी रे नॉर्थ कॅरोलिनाचा. १९६७ साली व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा पहिल्या आठांत चार मिशिगन स्टेटचे होते. स्मिथ तर अगदी पहिला. अलाबामाच्या मुख्य संघात पहिले कृष्णवर्णीय खेळाडू १९७१ साली उतरले.

अलाबामाच्या त्या मुलांनी समोर आलेल्या प्रत्येकाला हरवलं, हेही खरंच. कोणाशी खेळायचं आणि कोणाला संघात घ्यायचं, हे त्यांनी ठरवलं नव्हतं.

निकाल, आणि नंतरचा एक चेंडू

एपी आणि यूपीआय, दोघांनीही नोटर डेमला पहिलं आणि मिशिगन स्टेटला दुसरं ठेवलं. नॅशनल फुटबॉल फाउंडेशनने आपला मॅकआर्थर चषक दोघांत वाटून दिला. मिशिगन स्टेट आजही १९६६ आपल्या विजेतेपदांत मोजतं. अलाबामा मोजत नाही. गंमत म्हणजे त्याच अलाबामाच्या यादीत १९४१ आहे. त्या वर्षी ते दोन सामने हरले होते आणि एपीच्या यादीत विसावे होते. कुठल्या तरी एका सूत्राने त्यांना पहिलं ठरवलं होतं, तेवढं फलकाला पुरलं.

एपीने १९६८ पासून शेवटचं मतदान बाउलनंतर घ्यायचं कायम केलं. यूपीआय मात्र अडून बसली. १९७३ साली तिने अलाबामाला विजेता घोषित करून टाकलं, आणि मग ३१ डिसेंबरला न्यू ऑर्लिन्सच्या शुगर बाउलमध्ये अलाबामाची गाठ पडली नोटर डेमशी. दोघेही अपराजित. एका बाजूला ब्रायंट, दुसऱ्या बाजूला पारसेगियन.

शेवटची दोनेक मिनिटं उरलेली. नोटर डेम २४–२३ ने पुढे, पण चेंडू स्वतःच्याच गोलरेषेपासून जेमतेम दोन-तीन यार्डांवर अडकलेला आणि प्रयत्न तिसरा. लाथ मारून चेंडू परत द्यावा तर अलाबामाला एक फील्ड गोल पुरेसा होता. चेंडू पोटाशी धरावा तर तेच. पारसेगियननी फेकायला सांगितलं. क्वार्टरबॅक टॉम क्लेमेंट्स स्वतःच्या गोलरेषेमागे उभा राहिला आणि त्याने फेकलेला चेंडू रॉबिन वेबरने ३५ यार्डांवर झेलला. वेबरने त्या अख्ख्या हंगामात त्याआधी एकच झेल घेतला होता.

यूपीआयने पुढच्या वर्षापासून मतमोजणीची तारीख बदलली.